वनचरांचे मोल: सांगतो कोण आणि देतो कोण?

‘अमूल्य’ हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या मानाचा आहे. आईची माया अमूल्य, गुरूची विद्या अमूल्य, आणि अलीकडे सभासंमेलनांतून असेही ऐकू येते की, आपली राने व त्यांतील जीवसृष्टी अमूल्य आहे. शब्द गोड आहे, आणि त्यामागील भावनाही खोटी नसेल. परंतु ज्याने कधी घरच्या जमाखर्चाची वही लिहिली आहे त्याच्या हे सहज ध्यानात येईल की, जिची किंमत ठरलेली नाही त्या वस्तूपुढे आकड्याचा रकाना कोराच राहतो. आणि कोरा रकाना बेरजेच्या वेळी शून्य म्हणूनच धरला जातो. रस्ता काढताना, कालवा खणताना, गावचे गायरान कोणाला देऊन टाकताना सरकारदरबारी दोन्ही बाजूंची बेरीज मांडली जाते. तेव्हा एका बाजूस मजुरी, सामान व उत्पन्न ह्यांचे आकडे उभे असतात, आणि दुसऱ्या बाजूस ‘अमूल्य’ हा एकटा शब्द. त्या हिशेबात कोण हरतो, हे निराळे सांगावयास नको.

हा कोरा रकाना भरून काढण्याच्या हेतूने अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या साठ वर्षांत एक साधा, परंतु प्रथम ऐकणाऱ्यास काहीसा चमत्कारिक वाटणारा प्रश्न लोकांस विचारण्यास प्रारंभ केला. तो असा: ‘अमुक एक वन्य प्राणी ह्या भूमीवरून नाहीसा होऊ नये म्हणून तुमचे कुटुंब दरमहा किती पैसे देण्यास राजी आहे?’ नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील सुशिक्षित कुटुंबांनी हा प्रश्न एकदा आपल्या घरात विचारून पाहावा, अशी आमची सूचना आहे. मात्र त्याच्या पाठोपाठ दुसराही एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. हे मोल आज प्रत्यक्षात कोण देत आहे?

पहिल्या प्रश्नामागील तत्त्व आधी पाहू. मनुष्य पैसा केवळ स्वतःच्या उपभोगासाठीच खर्च करतो, असे नाही. जॉन क्रुटिला ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६७ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, एखादे अरण्य किंवा एखादा प्राणी आपल्या दृष्टीस कधीही पडणार नसला, तरी तो जगात आहे एवढ्या जाणिवेलाच पुष्कळ माणसे मोल देतात. आपल्याकडील वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. ज्यास काशीयात्रा कधी घडली नाही, व घडण्याची आशाही नाही, त्यालादेखील काशी बुडालेली चालणार नाही. तिच्या घाटांच्या दुरुस्तीसाठी कोणी झोळी घेऊन आला तर तो आपल्या ऐपतीप्रमाणे चार रुपये घालील. ही चार रुपयांची तयारी म्हणजेच अर्थशास्त्रज्ञांचे ‘अस्तित्वमूल्य’ होय.

पुढे ह्या तत्त्वाची कसोटी न्यायदरबारी लागली. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन वाल्डीझ’ नावाचे तेलवाहू जहाज खडकावर आदळले, आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात पसरले. असंख्य समुद्रपक्षी व जलचर प्राणास मुकले. मासेमारांचे नुकसान मोजता आले. पण ज्या पक्ष्यांना बाजारभाव नाही त्यांची भरपाई कशी मागावी? तेव्हा अमेरिकेतील एक हजारांवर कुटुंबांना घरोघर जाऊन विचारण्यात आले की, असा अपघात पुन्हा घडू नये म्हणून तुम्ही किती द्याल? अलास्का पुढे कधी पाहण्याचाही ज्यांचा विचार नव्हता, अशीच माणसे त्यांत बहुसंख्य होती. १९९२ साली सादर झालेल्या ह्या पाहणीत साऱ्या देशाचा आकडा २८० कोटी डॉलरांवर गेला. ही रीत विश्वसनीय आहे की नाही हे ठरविण्यासाठी केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो ह्या नोबेल पारितोषिक मिळालेल्या दोघा अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले. प्रश्न काळजीपूर्वक विचारला असेल तर येणारे उत्तर न्यायालयात विचारात घेण्याजोगे असते, असा निर्वाळा त्या मंडळाने १९९३ साली दिला.

ही झाली समुद्रापलीकडची हकीकत. आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न विचारला गेला आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासंबंधी मुंबईकरांची अशीच पाहणी करण्यात आली, आणि तिचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. उद्यान टिकावे म्हणून मुंबईतील कुटुंब सरासरीने दरमहा साडेसात रुपये, पाच वर्षेपर्यंत, देण्यास तयार आहे, असे त्यात आढळले. साडेसात रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. परंतु साऱ्या नगरीचा हिशेब करता त्या वेळच्या मोलाने ती १०३ कोटी रुपयांवर जाते. सारांश, आपल्या लोकांस वन्य जीवांचे काही वाटत नाही, हा आक्षेप खोटा ठरला. कोऱ्या रकान्यात प्रथमच आकडा आला.

परंतु चिकित्सक वाचक येथे थांबणार नाहीत. ‘देऊ’ म्हणणे आणि खिशात हात घालणे ह्यांत अंतर असते, हे वर्गणी गोळा करणाऱ्या कोणत्याही गृहस्थास ठाऊक आहे. शिवाय ह्याहून खोल अशी एक अडचण पाहण्यांतून उघड झाली. स्थलांतर करणारे पाणपक्षी तेलाच्या डबक्यांत सापडून मरतात. त्या डबक्यांवर जाळी टाकण्यासाठी किती द्याल, असे अमेरिकेत लोकांच्या तीन गटांना विचारले गेले. एका गटास सांगितले की २,००० पक्षी वाचतील, दुसऱ्यास २०,००० आणि तिसऱ्यास २,००,०००. उत्तरे आली ती अनुक्रमे ८०, ७८ व ८८ डॉलर! पक्षी शंभरपट वाढले तरी मोल जागचे हलले नाही. ही पाहणी त्याच एक्सॉन कंपनीच्या खर्चाने झाली होती, हे ध्यानात ठेवावे. तरीही तिचा बोध टाळता येत नाही. माणसे उत्तर देतात ते पक्ष्यांच्या संख्येकडे पाहून नव्हे, तर मनात उभ्या राहिलेल्या एका तडफडणाऱ्या पाखराकडे पाहून. म्हणून ह्या आकड्यास प्राण्याची किंमत न म्हणता आपल्या कळवळ्याचे माप म्हणणे अधिक बरोबर होईल. माप म्हणून ते उपयोगी आहे. परंतु कळवळा ज्यांच्या ठिकाणी आहे ते आणि तोशीस ज्यांस लागते ते लोक निरनिराळे असले, तर ह्या मापाने अर्धाच हिशेब होतो. उरलेला अर्धा हिशेब पाहण्यासाठी आता आपल्या मुलखाकडे वळू.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूर ह्या भागांत सागवानाची राने आहेत. पैनगंगेच्या काठचे अभयारण्य यवतमाळ व नांदेड ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, आणि तेथे बिबळ्या, अस्वल ह्यांसारखी श्वापदे अद्याप नांदतात. लातूरची स्थिती ह्याच्या अगदी उलट. सबंध राज्यात वनाच्छादन सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. शंभर एकरांमागे एक एकर वनदेखील तेथे भरत नाही. तेव्हा लातुरात वन्य जीव नाहीतच, असे कोणास वाटेल. परंतु हरिण, लांडगा, खोकड, कोल्हा, तरस हे मुळी दाट झाडीचे प्राणी नव्हेत. ते उघड्या माळाचे रहिवासी आहेत. बालाघाटाच्या पठारावर माळराने होती तोवर ते माळावर राहिले. माळ नांगराखाली आले, गायराने आटली, तेव्हा ते शेतांत राहू लागले. त्यांस दुसरे घर उरले नाही. म्हणजे लातूरचे जे काही अभयारण्य आहे, ते कुणब्याच्या सातबाऱ्यावर आहे; आणि त्याचा सारा खर्च कुणबीच सोसतो.

हा खर्च कसा होतो, हे शहरातील मंडळींनी नीट समजून घेण्यासारखे आहे. मृगाचा पाऊस पडून सोयाबीन उगवले की, दोन पानांवर आलेले कोंब खाण्यास हरणांचे कळप उतरतात. एका रात्रीत पाऊण एकर साफ झाले, तर पुन्हा बियाणे आणून दुबार पेरणी करावी लागते, आणि तोवर पेरणीचा हंगाम सरून जातो. भुईमूग व मका ही रानडुकरांची आवडती पिके. ती खातात थोडी व तुडवितात फार. हरभऱ्याच्या व तुरीच्या शेतांत रोही शिरतात. मग शेतकरी काय करतो? बांधाभोवती घरातील जुनी लुगडी ताणून बांधतो, बुजगावणे उभारतो, पैसे असतील तर झटका देणाऱ्या तारेचे यंत्र बसवितो, आणि नसतील तर थंडीच्या दिवसांत मचाणावर रात्रभर जागल करतो. त्याच्या जागरणाचा आकडा कोणत्याही वहीत चढत नाही. अनेकांनी तर डुकरांच्या भयाने भुईमूग लावणेच सोडले. जे पीक लावलेच नाही त्याच्या नुकसानीचा पंचनामा कोण करणार? मेंढपाळ धनगराची गोष्ट ह्याहून कठीण. लांडग्याने कळपातून दोन मेंढरे उचलली, तर त्याच्या भांडवलाचाच लचका तुटतो.

आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरविला. एखाद्या शेतकऱ्याचे हरणांमुळे अवघे दोन क्विंटल पीक बुडाले असे धरले, तरी त्याचे मोल १०,६५६ रुपये होते. मुंबईकरांचे साडेसात रुपये दरमहा म्हणजे वर्षास ९० रुपये. त्या काळचा रुपया आजच्यापेक्षा मोठा होता. म्हणून सहापट करून ते ५४० रुपये धरू. म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन गमावणारा एकटा शेतकरी, राजीखुशीने नव्हे तर निरुपायाने, शहरातील सुमारे वीस कुटुंबांची वर्षाची वर्गणी भरून मोकळा होतो! त्याला ‘तुम्ही किती द्याल?’ असे कोणी विचारलेले नाही. त्याच्याकडून ते परस्पर वसूल होत आहे.

विचारल्यावाचून वसूल केलेल्या मोलाचा परिणाम काय होतो, ह्याचे शिक्षण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने दिलेले आहे. नान्नजच्या माळावरील माळढोक पक्ष्याच्या रक्षणार्थ सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. हेतू उत्तम होता. पण त्याची व्याप्ती ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली. लातूर जिल्हा सबंध घेतला तरी तो ह्याहून लहान आहे! त्या रेषेच्या आत गावे आली, वाड्या आल्या, हजारो खातेदारांची शेते आली. जमिनीचे व्यवहार, विहिरी, रस्ते, कारखाने ह्या सर्वांवर निर्बंधांची सावली पडली. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू पाहणाऱ्या बापास ज्या पक्ष्यामुळे अडकून पडावे लागले, त्या पक्ष्याविषयी त्याच्या मनात प्रेम कसे उपजावे? पुष्कळ वर्षांच्या तक्रारींनंतर २०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. परंतु तोवर माळही गेले होते आणि लोकांचा सद्भावही. आज नान्नजला माळढोक दिसणे ही विशेष वार्ता ठरते.

ह्याच पक्ष्याच्या कथेचे दुसरे पान राजस्थान व गुजरातेत लिहिले गेले. उडत्या माळढोकास विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत, व त्यांवर आपटून तो मरतो. म्हणून त्याच्या प्रदेशातील तारा शक्य तेथे जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. तो पाळणे फार खर्चाचे आहे, आणि सौर विजेच्या वाढीस त्याने खीळ बसेल, असे केंद्र सरकारने मांडले. आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल होऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. सरकारच्या म्हणण्यात तथ्य असेलही. परंतु एक गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. माळढोकाचे बिल सोलापूरच्या शेतकऱ्याच्या दारी होते तेव्हा ते तीन दशकांवर तसेच पडून राहिले. वीज वापरणाऱ्यांच्या दारी येताच तीन वर्षांत त्याची फेरतपासणी झाली.

येथे कोणी म्हणेल की, मग हा खटाटोप कशाला? शेतकऱ्यास जाच होतो तर प्राणी गेले तर जावोत. त्यांच्यावाचून आपले काय अडते? ह्या शंकेचे उत्तर लातूरकरांनी तरी बाहेर शोधू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणून शहरास पाजावे लागले, तेव्हा जे फुकट म्हणून गृहीत धरले होते त्याचे मोल घागरीघागरीने कळले. निसर्गाची पुष्कळशी कामे अशीच बिनमोबदल्याची असतात, आणि ती बंद पडली म्हणजेच त्यांचा हिशेब लागतो.

गिधाडांचे उदाहरण पाहा. गावकुसाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत, आणि काही तासांत केवळ हाडे उरत. हा पक्षी कुरूप, अशुभ. त्याच्यासाठी दरमहा चार आणे देण्यासही कोणी राजी झाले नसते. १९९० नंतरच्या दशकात गुरांच्या वेदनांवर डायक्लोफिनॅक हे औषध स्वस्त मिळू लागले. ते टोचलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत काही जातींतील शंभरांपैकी नव्याण्णवांहून अधिक पक्षी नाहीसे झाले होते. मढी कुजत पडू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री माजली. अनंत सुदर्शन व एयाल फ्रँक ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जेथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती अशा जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना केली आहे. २००० ते २००५ ह्या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्याचे मोल आपण शून्य धरले होते, त्याची ही किंमत!

ह्यावरून ‘किती द्याल?’ ह्या प्रश्नाची आणखी एक मर्यादा उघड होते. आपला कळवळा देखण्या प्राण्यांकडे धावतो. वाघासाठी, मोरासाठी, काळविटासाठी हात सैल होतो. गिधाड, तरस, वटवाघूळ ह्यांच्यासाठी तो आखडतो. उपयुक्ततेचा आणि आवडीचा मेळ असतोच असे नाही. म्हणून जाणत्या माणसांनी लोकमताचा आकडा पाहावा. परंतु केवळ त्याच्यावरच विसंबू नये. प्राण्याचे काम कोणते, हेही तपासावे.

तथापि वाघाविषयीची आवड खरी आहे, आणि तिच्यातूनच पुढची वाट सापडते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेले तरुण वाघ स्वतःचे क्षेत्र शोधीत दूरदूर जाऊ लागले आहेत. २०१९ साली निघालेला एक वाघ शेकडो गावांच्या शिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा एक थेट धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. अंगावरील पट्ट्यांवरून तो टिपेश्वरचा असल्याचे ओळखण्यात आले. येडशी लातुराहून दूर नाही. ह्या वार्तेने शहरांत कौतुक झाले, आणि येडशी-बार्शीकडील गुराख्यांच्या मनात धास्ती बसली. कारण वाघाने तेथील जनावरे मारण्यास आरंभ केला होता. कौतुक आणि धास्ती ह्या दोन्ही भावना रास्त आहेत. फरक एवढाच की, कौतुक करणाऱ्याचे गाईवाचून अडत नाही.

भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ साली देशातील सहा व्याघ्रप्रकल्पांचा हिशेब मांडला. पाणी, माती, हवा व इतर लाभ धरता एकेका प्रकल्पापासून देशास वर्षाकाठी ८३० कोटी ते १,७६० कोटी रुपयांचा लाभ होतो, असे त्यात दिसून आले. लाभ सर्व देशाचा असेल, तर शेजारच्या गावाचे नुकसान सर्व देशाने वाटून घेणे हा सरळ न्याय आहे. आणि ते शक्यही आहे. श्रीलंकेत बंदारा व टिस्डेल ह्या अभ्यासकांनी कोलंबो शहरातील लोकांना हत्तींच्या रक्षणासाठी किती द्याल, असे विचारले. शहरवासीयांनी जी तयारी दाखविली ती हत्तींमुळे होणारे शेतकऱ्यांचे नुकसान भरून काढण्यास पुरेशी होती. म्हणजे देणारे आहेत, आणि ज्यांस मिळावयास हवे तेही आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा पाट तेवढा खणलेला नाही.

आपल्या राज्यात नुकसानभरपाई मुळीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वनखात्याकडे अर्ज करावा, पंचनामा व्हावा आणि ठरलेल्या दराने रक्कम मिळावी, अशी योजना आहे. पण पंचनामा डोळ्यांनी पाहून होतो, आणि डोळा येथे फसतो. मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी ह्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील शेतांचा अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रानालगतच्या शेतांत निम्म्याहून अधिक उत्पन्न बुडते, आणि नजरेने अंदाज करण्याच्या चालू पद्धतीत हे नुकसान फारच कमी दिसते, असे त्यांना आढळले. कोवळा कोंब खाल्लेले रोप पुन्हा फुटते, दुरून हिरवेही दिसते. पण दाणा धरीत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खरीप २०२६ पासून पीक विम्यात वन्य प्राण्यांनी केलेली नासाडी समाविष्ट करण्याचे जाहीर केले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र नुकसान मोजण्याची रीत सुधारल्यावाचून विम्यालाही तीच आंधळेपणाची बाधा होईल.

आता हा प्रश्न आमच्या वाचकांच्या अगदी उंबऱ्यापाशी आणून ठेवतो. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर ह्या गावांतील कित्येक सुशिक्षित घराण्यांची वडिलोपार्जित शेती अद्याप खेड्यात आहे, आणि ती दुसरा कोणी बटईने कसतो. घरची मंडळी नोकरीनिमित्त पुण्यास किंवा संभाजीनगरास असतात. अशा शेतात हरणे पडली, तर जागरण करतो तो बटईदार. दुबार पेरणीचा आणि कष्टांचा भार वाहतो तोच. परंतु सातबारा आपल्या नावे, म्हणून भरपाईची रक्कम जमा होते ती आपल्या खात्यात. तोंडी बटईची सरकारी कागदांत नोंद नसते. एकत्र कुटुंबात नावे चारसहा असली म्हणजे संमतिपत्रांअभावी अर्जच होत नाही, आणि बटईदार हात चोळीत बसतो. येथे सरकारास बोल लावून भागणार नाही. हा आपल्या घरातील न्यायाचा प्रश्न आहे. घरच्या कर्त्या माणसाने वेळेवर अर्जावर सह्या कराव्या, बटईदारास पंचनाम्याच्या वेळी आपल्या वतीने उभे राहण्याचा अधिकार द्यावा, आणि आलेल्या रकमेतून ज्याचे नुकसान झाले त्याचा वाटा त्याच्या हाती पोहोचवावा. एवढे केले तरी त्या बांधावर हरणाचा शत्रू एक कमी होईल.

गृहिणींस एक विनंती आहे. आपल्या गृहस्थधर्मात पंचमहायज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांतील एक भूतयज्ञ. शिजलेल्या अन्नातील काही भाग मुक्या जीवांसाठी काढून ठेवावयाचा, असा त्याचा नेम. गोग्रास, काकबळी, मुंग्यांना साखर ह्या रूपांनी तो अजूनही घराघरांत जिवंत आहे. म्हणजे जीवमात्रांसाठी खर्चाचा एक रकाना आपल्या पूर्वजांच्या वहीत होताच. तो नव्याने उघडावयाचा नाही, फक्त आजच्या स्थितीस जुळता करावयाचा आहे. गच्चीवर पारव्यांना दाणे टाकून तो भरत नाही. पारव्यांस आपली गरज नाही. दरमहा घरखर्चातून ठरावीक रक्कम बाजूस काढावी, ती पन्नास असो की पाचशे. आणि वर्षअखेर आपल्या मूळ गावी ज्याची मेंढरे लांडग्याने नेली, ज्याचे शेत रोह्यांनी तुडविले, त्याला ती घरातील मुलांच्या हस्ते द्यावी. पाचदहा कुटुंबे एकत्र आली तर झटक्याच्या तारेचे एखादे कुंपण सहज उभे राहील. हे दान म्हणून देऊ नये. जे राखण त्याने आपल्या वतीने केले, त्याचे वेतन म्हणून द्यावे. मुलांनाही त्यातून कळेल की पुस्तकातील काळविटाच्या चित्रामागे कोणा एकाचे शेत उभे आहे.

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील उरलेसुरले वनचर राहावेत की न राहावेत, ह्याचा निर्णय शेवटी बांधावर उभा असलेला मनुष्य करणार आहे. विषाची पुडी, विजेची उघडी तार किंवा काणाडोळा, ह्यांपैकी काय निवडावयाचे हे त्याच्या हाती आहे, आणि कोणताही वनरक्षक प्रत्येक शेतावर रात्रभर उभा राहू शकत नाही. आजवर त्याने बहुतेक वेळा काणाडोळा केला, म्हणून माळावर हरिण अजून दिसते. त्याच्या ह्या सोशिकपणावर आपण किती वर्षे फुकट राहावयाचे, ह्याचा विचार प्रत्येक सुजाण कुटुंबाने करावा, आणि ह्याच महिन्याच्या जमाखर्चापासून त्यास आरंभ करावा.